टिंब

दाते खाली.
आज एवढंच शिकलात तरी रविवार फुकट गेला नाही म्हणायचं.
बोटाचं पेर पात्यावरून खालून वर न्या, हळू,
खरखरलं तर बरोबर बसलंय.
केरसीभाई, चष्मा बदला आधी,
ती पात्याची पाठ आहे.

ही पंपाची खोली सोसायटीने एका अटीवर दिलीय :
दोनच्या ठोक्याला मशीन बंद.
वर चौबळ आजोबा झोपतात, आणि कन्नमवार नगरात
आजोबा उठले की सगळी इमारत उठते.

आता पातं ताणा. ताणून तारेसारखं छेडा.
ठप्प वाजलं? ढिलं आहे, वाट सोडून भरकटेल.
अजून अर्धा आटा.
टिंग.
हा आवाज कानात घरी घेऊन जा.

लाकूड रेटायचं नाही.
माझगावच्या गोदीत, पॅटर्न शॉपला, माझा पहिला महिना,
मी रेटलं आणि पातं तुटून उस्तादांच्या चहात पडलं.
ते बोलले नाहीत. चमच्याने काढलं,
उरलेला चहा प्यायले,
मग म्हणाले, पातं कुठं जात नाही रे,
ते जागेवरच खाली-वर करतंय. फिरायचंय ते लाकडाला.

कोपरा आला की पुढे जायची घाई नको,
तिथल्या तिथे लाकडाची गिरकी, पात्याला पाठीवर टेकवून.
तन्वीर, शाब्बास. नाही, तुटू दे,
नागदेवीच्या बोळातून चार डझन आणलीत मी,
ती तुटायलाच आणलीत.

आणि आतलं आधी, बाहेरचं शेवटी.
भोक पाडा, पातं वरून सोडवा, भोकातून ओवा,
पुन्हा अडकवा, पुन्हा टिंग.
दर भोकाला हाच उपद्व्याप. कंटाळा येणार.
पण बाहेरची कड आधी कापलीत
तर धरणार कशाला? चिमटीत काय उरणार?

वैजयंतीबाईंनी दाराची पाटी काढलीय, कुंटे,
रे रोडवरून आणलेल्या सहा मिलीच्या प्लायवर,
कार्बन ठेवून, स्वतःच्या अक्षरात.
बघा, आपली लिपी जाळीकामाला किती सोयीची :
वर एक आडवी रेघ, बाकी सगळे तिला लोंबकळलेले,
क, त्याची दोन पोटं, खालचा उकार,
टवरची मात्रासुद्धा रेघेत पाय रोवून.
एकही अक्षर सुटं पडत नाही.

एक सोडून.

मी सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात
टिंब सुटलं, टेबलाच्या फटीतून खाली गेलं,
आणि कुंट्यांचे कुटे झाले.

हसू नका. चूक माझी, पूल ठेवायला सांगायला हवं होतं,
टिंबापासून रेघेपर्यंत काडीएवढा, दिसला न दिसला असा.
तीस वर्षं नकाशे वाचलेल्या माणसाने
हे स्वतःच्या पाटीवरही विसरावं?
आम्ही अकरा वर्षं पेढरकर आहोत.
कुरिअरवाला एकदा अर्धा किलोचा भाव विचारून गेला.
दुसरं टिंब कापून चिकटवतो म्हटलं तर
हिने तिथे स्वतःची टिकली लावली, मरून, मध्यम आकाराची.
म्हणाली, हे तुझ्या कामापेक्षा गोल आहे.

जिन्यातल्या उन्हाने ती सुटते, वर्षातून तीनदा-चारदा.
मग नवी लावायची.
पाकिटात अजून नऊ आहेत.
तसलं पाकीट आता मिळतं का, विचारलं नाही कुठे.

असो. झाडू ठेवा तो,
भुसा फेकायचा नाही, आधी चाळायचा.
तन्वीर, टॉर्च धर. बाई, तुम्ही पायाखाली बघा.
दोनला सहा मिनिटं आहेत.
केरसीभाई, तुमच्या पॅन्टीची दुमड
उलटी करून झटका जरा.